तुमचे प्रश्न, ताईंची उत्तरं : विलायतेतले पेपर आणि मतपेटी

प्रश्न : ताई, मी दोन वर्षांपासून स्लाऊला नोकरी करतो. भारतीय पासपोर्ट असूनही इथल्या संसदेच्या निवडणुकीत मला मत देता येतं, हे कौन्सिलचं पत्र आल्यावर कळलं. ऑफिसातले लोक म्हणतात, इथलं सरकार 'सन' आणि 'डेली मेल'च ठरवतात. कितपत खरं? आणि मी वाचू तरी काय?
– एक वाचक, स्लाऊ

उत्तर : आधी नाव नोंदवा. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक तिथं रीतसर राहत असेल, तर त्याला हा हक्क आहे. केंद्रावर ओळख म्हणून आपला भारतीय पासपोर्टही चालतो.

आता पेपरांचं. लेस्टरला आमचं पेपरचं दुकान होतं. पहाटे गठ्ठे सोडायचे, पुरवण्या आत सरकवायच्या, कामावर जाणारी गिऱ्हाइकं यायच्या आत सगळं मांडून ठेवायचं. 9 एप्रिल 1992, मतदानाचा दिवस. 'सन'च्या पहिल्या पानावर विजेचा बल्ब आणि त्या बल्बच्या आत मजूर पक्षाचे नेते नील किनॉक यांचं डोकं. शेजारी मोठ्या अक्षरांत लिहिलेलं : आज किनॉक जिंकले तर ब्रिटन सोडणाऱ्या शेवटच्या माणसानं कृपया दिवे मालवावेत. मतदान चालू असताना तिथल्या टीव्हीवर प्रचाराच्या मुद्द्यांची चर्चा होत नाही. पेपरांना ही आडकाठी नाही. हुजूर पक्षाचे पंतप्रधान जॉन मेजर 21 जागांच्या बहुमतानं परत आले आणि दोन दिवसांनी 'सन'नं पहिल्या पानावरच छापलं की, जिंकवलं ते आम्हीच. पुढं 2012मध्ये पेपरांच्या वागणुकीची तपासणी करणाऱ्या लेव्हसन चौकशीसमोर मालक रूपर्ट मर्डॉक यांनीच तो 'जिंकवलं आम्हीच'वाला मथळा हीन आणि चुकीचा होता, असं सांगितलं.

त्या बल्बनं निवडणूक फिरवली असं मला तेव्हाही वाटलं नाही. तो अंक नेणारी बहुतेक माणसं वर्षानुवर्षं तोच पेपर नेणारी होती. मला धास्ती वाटायची ती दुसऱ्याच गोष्टीची. त्या जानेवारीत हुजूर पक्षानं मोठाली पोस्टरं लावली होती : मजूर पक्ष आला तर वर्षाला 1,250 पौंड जादा कर. आकडा हुजूर पक्षानं स्वतः मांडलेला, विरोधकांच्या योजनांचा आपल्या सोयीनं हिशेब करून. पण वसंत सरेपर्यंत गिऱ्हाइकं गल्ल्याशी उभी राहून कराची भीती बोलून दाखवायची, जणू पगाराची चिठ्ठीच हातात पडलीय. हा आकडा आला कुठून, हे कुणी विचारत नव्हतं.

पेपरांचा जोर आहे, आणि तो मोजलाही गेलाय. मार्च 1997मध्ये 'सन'नं अचानक मजूर पक्षाचे नेते टोनी ब्लेअर यांची बाजू घेतली. त्याआधी 1995मध्ये ब्लेअर थेट ऑस्ट्रेलियातल्या हेमन बेटावर जाऊन मर्डॉक यांच्या माणसांपुढं भाषण करून आले होते. बाजू बदललेल्या पेपरांच्या वाचकांची 1992 आणि 1997ची मतं दोघा अमेरिकी अभ्यासकांनी ताडून पाहिली. त्यांच्या अंदाजानं या पेपरांनी निदान 10 टक्के, कदाचित 25 टक्के वाचक मजूर पक्षाकडं वळवले. अर्थात ब्लेअर यांचं बहुमत 179चं होतं. पेपर गप्प बसले असते तरी ते जिंकलेच असते. उलट 2017मध्ये 'सन' आणि 'मेल' मजूर पक्षाचे नेते कॉर्बिन यांच्यावर पानंच्या पानं तुटून पडले, तरी हुजूर पंतप्रधान टेरेसा मे यांचं बहुमत गेलं.

मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते लिव्हरपूल. 15 एप्रिल 1989ला शेफील्डच्या हिल्सबरो फुटबॉल मैदानावर चेंगराचेंगरी झाली. त्यातल्या बळींची संख्या पुढं 97 झाली. चौथ्या दिवशी 'सन'नं 'सत्य' असा मथळा देऊन छापलं की, लिव्हरपूलच्या चाहत्यांनी मेलेल्यांचे खिसे कापले. धादांत खोटं. चाहत्यांचा काहीही दोष नव्हता, हे 2016मध्ये ज्युरीनं स्पष्ट सांगितलं. त्या शहरानं मात्र निकालाची वाट पाहिली नाही. मर्सीसाइडच्या, म्हणजे लिव्हरपूल आणि आसपासच्या, लोकांनी तो पेपर घेणं सोडलं, दुकानदारांनी ठेवणं सोडलं, आणि हा बहिष्कार आजही आहे. पुढं संशोधकांनी जुन्या जनमत चाचण्या तपासल्या. 'सन' वर्षानुवर्षं युरोपविरोधी लिहीत होता, आणि बहिष्कारानंतर इंग्लंडच्या इतर भागांच्या तुलनेत मर्सीसाइडमधला युरोपविरोध कमी झालेला दिसला. 2016च्या ब्रेक्झिट मतदानात लिव्हरपूलच्या 58 टक्के लोकांनी युरोपसोबत राहायला मत दिलं. म्हणजे खरा परिणाम करतं ते रोजचं वाचन. निवडणुकीच्या सकाळचा मथळा त्यापुढं किरकोळ.

तेव्हा तुम्ही एकमेकांच्या विरोधातले दोन पेपर घ्या, 'गार्डियन' आणि 'टेलिग्राफ' म्हणा. 'पंतप्रधान आज म्हणतील' अशी बातमी दिसली की समजा, ती त्यांच्याच कार्यालयातून आलीय. भाषण अजून व्हायचंय. आणि स्लाऊमधले उमेदवार एका मंचावर येणार असतील तर ती सभा चुकवू नका.

प्रश्न : हे 'स्पिन' म्हणजे आपल्याकडची पेड न्यूजच ना?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही. पेड न्यूजमध्ये पैसे मोजून जागा घेतात. स्पिन म्हणजे बातमी आपल्या सोयीनं वळवणं, आणि त्यात देणंघेणं चालतं ते बातमीचंच. आवडत्या वार्ताहराला आधी द्यायची, नावडत्याला कोरडं ठेवायचं. ब्लेअर यांचे प्रवक्ते अॅलस्टर कॅम्पबेल स्वतः 'डेली मिरर'मधले, त्यामुळं बातमीदाराला काय हवं असतं ते त्यांना पक्कं ठाऊक. वेळ साधणं हाही स्पिनच. 11 सप्टेंबर 2001ला न्यूयॉर्कमध्ये माणसं मरत असताना जो मूर या मंत्र्यांच्या सल्लागार बाईंनी ईमेल पाठवला : आज अडचणीचं जे काही असेल ते बाहेर काढून पुरून टाकायला फार चांगला दिवस आहे. मला ते वाक्य आजही वाचवत नाही.

आणि गप्प राहणं? 24 सप्टेंबर 2002ला सरकारच्या अहवालात आलं की, सद्दाम 45 मिनिटांत रासायनिक अस्त्रं वापरू शकतो. दुसऱ्या दिवशी 'सन'नं सायप्रसमधल्या ब्रिटिशांचा मृत्यू 45 मिनिटांवर आणून ठेवला. मूळ माहिती होती रणांगणावरच्या छोट्या पल्ल्याच्या तोफगोळ्यांची. हे संरक्षणमंत्री जेफ हून यांना माहीत होतं, आणि पेपरांची चूक दुरुस्त केली नाही, हे त्यांनी पुढं 2003मध्ये हटन यांच्या सरकारी चौकशीत मान्य केलं. तोवर मार्च 2003मध्ये ब्रिटिश सैन्य इराकमध्ये उतरूनही झालं होतं.