वाघळाचे पिल्लू: आधी ऊब, मग दूध

आपण लिहिले आहे की, गुहागरजवळ विजेच्या तारेला लागून मेलेल्या मादीच्या पोटाला बिलगलेले वाघळाचे पिल्लू आपल्याला मिळाले, त्याला चमच्याने गाईचे दूध पाजले आणि काल रात्रीपासून ते शिंकते आहे. मी पशुवैद्य नाही, परंतु हीच चूक मी आठ वर्षांपूर्वी केली होती, म्हणून सांगतो: दूध तूर्त थांबवा आणि आजच पशुवैद्याला दाखवा, कारण शिंक म्हणजे दूध श्वासनलिकेत उतरल्याची खूण असू शकते.

माझे पिल्लू मे महिन्यात सापडले. एवढ्या उकाड्यात ते गारठेल हे माझ्या डोक्यातच आले नाही. वास्तविक लहान पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब टिकवता येत नाही, ती आईच्या पोटाशी मिळते. मी त्याला खोक्यात घालून एका सरकारी कार्यालयात नेले आणि तेथे दोन तास पंख्याखालच्या बाकावर बसून राहिलो. अखेर उत्तर मिळाले की, हा प्राणी उपद्रवींच्या यादीत असल्याने नोंद होणार नाही, कुठेतरी सोडून द्या. त्या वेळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत फळे खाणारी वाघळे खरोखरच उंदीर आणि कावळ्यांच्या शेजारी होती. पण म्हणून पिल्लाकडे एकदा डोकावूनही पाहू नये? 2022 च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच गेली आणि 1 एप्रिल 2023 पासून ती दुरुस्ती लागू आहे. त्यामुळे आपल्याला कोणी ती यादी ऐकवली तर ऐकून घेऊ नका. वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. पिल्लू घरात ठेवून घेण्याचा विचार तर करूच नका.

घरी आल्यावर पिल्लाचे पंख हाताला थंड लागत होते. मला वाटले, भुकेने मलूल झाले आहे. मी त्याला माणसाच्या बाळासारखे उताणे धरले आणि ड्रॉपरने दूध सोडले. दुसऱ्या थेंबाला नाकपुडीतून दुधाचा बुडबुडा आला. श्वासाला बारीक घरघर लागली आणि तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही आणि नीट गिळताही येत नाही, हे मला नंतर एका पशुवैद्याने सांगितले.

पुढच्या पिल्लांच्या वेळी मी कोमट पाण्याची बाटली पंच्यात गुंडाळून त्यांच्याजवळ ठेवली, अंग उबदार झाल्यावरच पशुवैद्याने सांगितलेले पातळ दूध दिले, तेही पिल्लू पालथे, डोके किंचित खाली ठेवून, कापसाच्या वातीवरून त्याला चाटू देत. प्रमाण त्याच्या वजनावर ठरते, म्हणून माझा आकडा येथे देत नाही. आणखी एक: मेलेल्या मादीपासून पिल्लू कधीही ओढून काढू नये. त्याचे दुधाचे दात आकड्यासारखे वळलेले असतात आणि ओढाताणीत तोंडाला इजा होते.

हातमोजे जाड घाला. चावा किंवा ओरखडा लागलाच, तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पिल्लू लहान आहे म्हणून हयगय नको.

मागच्या पायांची पकड कापडावर अजून घट्ट आहे का आणि श्वासाला आवाज येतो का, हे मात्र आत्ता पाहून पशुवैद्यांना फोनवरच सांगा.