शटर बंद, गाडी आत आणि ‘कुटुंब’ फोन उचलत नाही

प्रश्न : तासगावात द्राक्षबाग आहे. २०२४ च्या दसऱ्याला सांगलीच्या शोरूममधून, फार कुणी वापरत नाही अशा एका ब्रँडची मोटारसायकल ३ लाख ४२ हजारांना घेतली. वॉरंटी ३ वर्षं किंवा ४० हजार किलोमीटर. जाहिरातीत ‘तुम्ही ग्राहक नाही, कुटुंब आहात’, ‘२४ तास रस्त्यावर मदत’, ‘कुठलाही पार्ट ७ दिवसांत’ असं होतं. जून २०२५ मध्ये १०,६०० किलोमीटरवर गाडी चालता चालता बंद पडू लागली. डीलरने २,४०० रुपये घेऊन बॅटरी बदलली, आठवड्यात पुन्हा तेच. मग ‘रेक्टिफायर (बॅटरी चार्ज करणारा भाग) गेलाय, पार्ट मागवलाय’ म्हणून गाडी ठेवून घेतली. ऑक्टोबरमध्ये भाडं थकलं म्हणून जागामालकाने शोरूमला कुलूप लावलं, गाडी आतच राहिली. कंपनी ई-मेलवर म्हणते, १० हजार किलोमीटरची सर्व्हिस बाहेर केली आणि फॉग लाइट लावले, म्हणून वॉरंटी संपली. गाडी पुण्याला आणा. हप्ता बंद करू का? पूर्ण पैसे परत मिळतील का?

उत्तर : हप्ता बंद करू नका. कर्जाचा करार बँकेशी आहे, गाडी बिघडली हा बँकेचा दोष नाही. एक हप्ता थकला तरी तुमचा सिबिल स्कोअर पडेल आणि कंपनीचं काहीच बिघडणार नाही. विमाही चालू ठेवा, मात्र त्यातून हा खर्च मागायला जाऊ नका. यांत्रिक आणि विद्युत बिघाड नेहमीच्या वाहन विम्यात वगळलेलाच असतो.

पहिलं काम गाडी बाहेर काढायचं. जॉब कार्ड (गाडी दुरुस्तीला देताना मिळालेली पावती) जपून ठेवा, गाडी डीलरच्या ताब्यात गेल्याचा तोच पुरावा. करार कायदा १८७२ च्या कलम १४८ नुसार डीलर तिचा फक्त निक्षेपी, म्हणजे दुसऱ्याची वस्तू तात्पुरती सांभाळणारा आहे. केलेल्या कामाची मजुरी थकली असेल तर कलम १७० खाली त्याला वस्तू अडवून ठेवता येते, पण इथे काम झालेलंच नाही. भाडं डीलरचं थकलं आहे; त्यापोटी गिऱ्हाइकाची गाडी कोंडून ठेवायचा जागामालकाला काहीही अधिकार नाही. दोघांना एकाच मजकुराचं पत्र पाठवा, आरसी आणि जॉब कार्डाची प्रत जोडा, सात दिवस द्या. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, तेव्हा स्पीड पोस्टच करा, पोचपावतीसह. दाद लागली नाही तर त्या पत्रांच्या प्रती जोडून पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. बहुतेक वेळा इतक्यावर कुलूप उघडतं. नाहीच उघडलं तर ग्राहक आयोगात तक्रारीबरोबर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८(८) खाली अंतरिम आदेशाचा अर्ज करता येतो. त्या वेळी जागामालकालाही त्यात ओढा, नाहीतर ‘मला आदेशच नाही’ म्हणून तो मोकळा राहील. ताबा घेताना दोन साक्षीदार न्या, ओडोमीटर, चासी नंबर, टाकी, टायर यांचा सलग व्हिडिओ घ्या. महिनोन्‌महिने चार्ज न झालेली बॅटरी मेलेली असणार, तेही पंचनाम्यात लिहून घ्या. आणि पार्ट जागेवर आहेत का ते बघा. बंद वर्कशॉपमधल्या पार्टना पाय फुटतात.

आता कंपनीचा नकार. तो वाचायला वजनदार वाटतो, पण त्यात दोन वेगळी कारणं एकत्र घुसडली आहेत. बाहेरच्या गॅरेजात ऑइल आणि फिल्टर बदलल्याने रेक्टिफायर जळत नाही, दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. वॉरंटीची अट मोडली असा त्यांचा मुद्दा असेल तर तुमच्याकडे त्याहून चांगलं उत्तर असू शकतं : त्या सर्व्हिससाठी आधी डीलरकडे वेळ मागितली होती का? ‘मेकॅनिक सोडून गेलाय, पुढच्या महिन्यात या’ असा व्हॉट्सॲप संदेश असेल तर तो सोन्यासारखा आहे. अट पाळणं ज्याने अशक्य केलं त्यालाच तिचा फायदा मिळू नये, हे आयोगाला पटतं.

फॉग लाइटचा मुद्दा मात्र हलका घेऊ नका, तुमची कच्ची बाजू तीच आहे. लाइटची वायर गाडीचं मूळ वायरिंग (हार्नेस) कापून जोडली असेल तर ‘विद्युत भागांत बदल’ ही वॉरंटीची अट लागू शकते. स्वतंत्र रिले आणि फ्यूज लावून थेट बॅटरीवरून घेतली असेल तर तुमची बाजू बरीच भक्कम. शिवाय तांत्रिक सत्य जाहिरातीइतकं सोपं नसतं. बऱ्याच गाड्यांतला रेग्युलेटर (रेक्टिफायरबरोबरच असणारा, व्होल्टेज आवरणारा भाग) शंट पद्धतीचा असतो. स्टेटर बनवेल ती वीज गाडीने वापरली नाही तर तो ती उष्णता करून टाकतो, म्हणजे भार कमी असताना तो उलट जास्त तापतो. दोन लाइटचे मिळून ८० वॅट धरले तरी जादा भार सहा-साडेसहा अँपिअरचाच. ‘यानेच जळला’ हे कंपनीने दाखवून द्यायचं आहे, नुसतं लिहून भागणार नाही.

म्हणून गाडी हातात आली की दुसरं काही करायच्या आधी एखाद्या जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून लेखी तपासणी करून घ्या. चांगली चार्ज केलेली बॅटरी लावायची. इंजिन बंद असताना तिच्या टोकांवर साधारण १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. चार-पाच हजार आरपीएमला १३.८ ते १४.५ च्या दरम्यान. १३ च्या खाली राहिले तर चार्जिंग होत नाही, १५ च्या वर गेले तर रेग्युलेटरचा ताबा सुटला आहे. मग स्टेटरच्या तिन्ही वायरींमध्ये आळीपाळीने एसी व्होल्टेज मोजायचं. तिन्ही आकडे जवळपास सारखे आणि कुठल्याही वायरीचा बॉडीशी संपर्क नाही, तर स्टेटर शाबूत आणि दोष रेक्टिफायरकडे. हे आकडे तारखेसह, सहीशिक्क्यानिशी घ्या. पहिल्यांदा विनाकारण बॅटरी बदलली हेही त्यातून आपोआप सिद्ध होतं, ते २,४०० रुपये मागणीत घाला. जुना पार्ट फेकू नका. कंपनीने दोष नाकारलाच तर आयोग तो प्रयोगशाळेत पाठवू शकतो.

जाहिरातीकडे येऊ. असे छोटे ब्रँड यंत्रापेक्षा आपलेपणा विकतात. टी-शर्ट, रविवारची राइड, मालकांचा ग्रुप, सगळं त्यातलंच. त्यात गैर काही नाही. मैसूरचा जावा-येझ्दीचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला तरी त्या गाड्या हौशी लोकांनी चालत्या ठेवल्या. पण ती हौस होती, कंपनीची जबाबदारी नव्हती, आणि हाच फरक तुमच्या प्रकरणात महत्त्वाचा. ‘तुम्ही कुटुंब आहात’ या वाक्यावर दावा उभा राहत नाही. ‘७ दिवसांत पार्ट’ आणि ‘२४ तास मदत’ यावर राहतो, कारण ते मोजता येतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(२८) मध्ये खोटी हमी देणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते आणि वेबसाइटवरचा मजकूरही जाहिरातच आहे. जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे खाली बारीक अक्षरात ‘अटी लागू’ लिहून वरचं ठळक आश्वासन पुसता येत नाही. त्या पानांचे स्क्रीनशॉट आजच घ्या, पत्ता आणि तारीख दिसेल असे. नोटीस गेली की मजकूर बदलू शकतो. सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र जोडा. मालकांच्या ग्रुपवर शिव्या घालू नका, तिथल्या ज्यांची गाडी याच पार्टसाठी उभी आहे अशा दोन-चार जणांची शपथपत्रं मिळवा.

तक्रार कुणावर? इथे चूक झाली तर निकाल जिंकूनही हातात काही पडत नाही. बंद पडलेल्या एकट्या डीलरवर कधीच नको. अशा ब्रँडमध्ये नाव एकाचं, आयात किंवा जुळणी दुसऱ्याची, विक्री तिसऱ्याची असते, आणि ते बदलतही असतं. सप्टेंबर २०२० मध्ये हार्ले-डेव्हिडसनने भारतातला कारभार गुंडाळत असल्याचं जाहीर केलं आणि विक्री-सेवा हीरो मोटोकॉर्पकडे गेली. इनव्हॉइस, फॉर्म २१ (विक्रीचं प्रमाणपत्र) आणि फॉर्म २२ (गाडी रस्त्यायोग्य असल्याचं प्रमाणपत्र) काढा. फॉर्म २२ वर ज्या उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव आहे तो, वॉरंटी पुस्तिकेवर नाव असलेली कंपनी आणि डीलर, सगळे सामनेवाले. ‘डीलर स्वतंत्र व्यापारी, त्याच्या वागण्याला आम्ही जबाबदार नाही’ असं कंपनी म्हणेलच, आणि टाटा मोटर्स विरुद्ध अँटोनिओ पाउलो वाझ या २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डीलरच्या चुकीसाठी उत्पादकाला सरसकट धरलेलं नाही. म्हणून तक्रारीत डीलरचं वागणं कमी आणि कंपनीची स्वतःची वॉरंटी, स्वतःची जाहिरात, स्वतःचा नकाराचा ई-मेल जास्त मांडा.

पंधरा दिवसांची नोटीस द्या. १९१५ या हेल्पलाइनवरही नोंद करा, फुकट आहे, कधीकधी पार्ट त्यातूनच सुटतो. मात्र त्या पत्रव्यवहाराने आयोगात तक्रार करायची मुदत वाढत नाही. कलम ६९ ची दोन वर्षं जून २०२५ पासूनच मोजा आणि नकाराच्या ई-मेलपासून मोजण्याचा मोह टाळा. पुस्तिकेत ‘फक्त दिल्लीचं न्यायक्षेत्र’ लिहिलेलं असलं तरी कलम ३४ प्रमाणे तुम्ही राहता त्या सांगली जिल्ह्याच्या आयोगात तक्रार चालते. मोबदला ५ लाखांपर्यंत असल्याने फी शून्य, ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून दाखल करता येते, वकील सक्तीचा नाही. नोटीस मिळाल्यावर सामनेवाल्याला उत्तरासाठी ३० आणि फार तर आणखी १५ दिवस. ४६ व्या दिवशी आलेलं उत्तर घेता येत नाही, हे घटनापीठाने २०२० मध्ये ठरवलं आहे. ती तारीख वहीत लिहून ठेवा.

पूर्ण पैसे? मागा जरूर, पण पर्यायी मागणीही लिहा. मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा या २००६ च्या निकालानंतर, वॉरंटी पार्ट बदलून देण्यापुरती असेल तर अख्खी गाडी बदलून मिळणं अवघड असतं. म्हणून आधी किंमत परत, ती नसेल तर कंपनीच्या खर्चाने तासगावात येऊन दुरुस्ती, गाडी उभी राहिली तितक्या काळाची वॉरंटी वाढवून, आणि दोन्हींत नुकसानभरपाई. पार्ट खरोखरच मिळत नाही हे कंपनीच्याच उत्तरातून दिसलं तर किमतीच्या मागणीला जोर येईल. तेव्हा नोटिशीत एक साधा प्रश्न विचारा : हा रेक्टिफायर आज तुमच्याकडे आहे का, आणि कुठल्या गोदामात?