वाचकांचे प्रश्न : संडे स्कूलच्या शिक्षकांची बैठक

प्रश्न : आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, संडे स्कूलचे (रविवारी मुलांना बायबल शिकवणारे) 14 शिक्षक आहेत, सगळे स्वयंसेवक. महिन्यातून एकदा उपासनेनंतर बैठक होते. दोन तास जातात आणि ठरत काहीच नाही. आता जेमतेम सहा जण येतात. काय करावं?

उत्तर : आधी मागच्या तीन बैठकांचे विषय कागदावर लिहून काढा. प्रत्येकापुढे खूण करा : नुसतं कळवायचं होतं, ठरवायचं होतं, की शिकायचं होतं? बऱ्याच खुणा पहिल्या रकान्यात पडल्या, तर माणसं का गळली ते कळेल. कार्यक्रमाची तारीख, नवी पुस्तकं आली, कुणाचा वर्ग बदलला, हे व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळींत सांगून होतं. शिक्षकांना बोलवायचं ते समोरासमोर बसल्याशिवाय होत नाही अशाच कामासाठी.

बैठक एका तासाची ठेवा. सुरुवातीची प्रार्थना आणि बायबलमधलं वचन मिळून 5 मिनिटं. लोक नुकतंच प्रवचन ऐकून आलेले असतात, त्यांना दुसरं नको. पुढची 10 मिनिटं वर्गांत काय चाललंय यासाठी, 20 मिनिटं सरावासाठी, 15 मिनिटं निर्णयांसाठी, 5 मिनिटं कामांच्या वाटणीला आणि शेवटची 5 एकमेकांसाठी प्रार्थनेला. निर्णयाचे विषय दोनच घ्या आणि विषयपत्रिका चार दिवस आधी पाठवा. तिसरा विषय घुसवला की तिन्ही अर्धवट राहतात.

या तासात सर्वांत मोलाची ती सरावाची 20 मिनिटं, आणि नेमकी तीच बहुतेक बैठकांत नसतात. समजा, पुढच्या रविवारी उधळ्या पुत्राचा दाखला आहे, म्हणजे वारशाचा वाटा उधळून घरी परतलेल्या मुलाची येशूने सांगितलेली गोष्ट, बायबलच्या लूक 15 मधली. एका शिक्षकाने तो सात वर्षांच्या मुलांना सांगतो तसा आठ मिनिटांत सांगावा. बाकीच्यांनी मुलं होऊन ऐकावं आणि तीन गोष्टी टिपाव्यात. कोणता शब्द मुलांना अडेल? ‘वारसा’ नक्कीच अडेल. लक्ष कुठे उडालं? आणि प्रश्न कसा विचारला? ‘बाबांचं मुलावर प्रेम होतं ना?’ असं विचारलं की सगळा वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. ‘बाबा धावत का गेले असतील?’ असं विचारलं तर मुलांना विचार करावा लागतो. आठ मिनिटं संपली तरी गोष्टीच्या शेवटी येणारा थोरला भाऊ आलाच नाही, असंही होईल. म्हणजे सुरुवातीचं किती छाटायचं हे तिथेच ठरवता येईल. असा सराव मिळाला की शिक्षक रविवारच्या वर्गाची तयारी सोबत घेऊनच घरी जातात. पुढच्या बैठकीला यायला हे कारण पुरेसं आहे.

वेळेचंही बघा. उपासनेनंतर पोटात भूक असते आणि स्वतःची मुलं हात ओढत असतात. तीच वेळ सोयीची असेल तर मुलांना सांभाळायला दोन पालक आधी ठरवून ठेवा, शिक्षकांपैकी कुणाला त्यात गुंतवू नका. आणि सांगितलेल्या वेळेला सुरू करा, चारच जण असले तरी. उशिरा येणाऱ्यांसाठी थांबलात, तर वेळेवर आलेलेही पुढच्या वेळी रमतगमत येतील.

प्रश्न : एक ज्येष्ठ शिक्षिका बैठकभर बोलतात. नवे शिक्षक तोंड उघडत नाहीत.

उत्तर : वडीलधाऱ्या व्यक्तीने मत दिलं की धाकटे त्यावर बोलत नाहीत; तो संकोच आदरातून येतो. म्हणून क्रम उलटा करा. विषय मांडल्यावर दोन मिनिटं सर्वांनी आपापलं मत कागदावर लिहावं, मग सर्वांत नव्या शिक्षकापासून वाचून दाखवावं. तुम्ही प्रमुख असाल तर सर्वांत शेवटी बोला. बाईंना बैठकीत टोकू नका. आधी एकट्यात भेटून त्यांना काम द्या : सराव झाल्यावर नव्या शिक्षकाला ‘काय साधलं’ आणि ‘काय बदलावं’ अशा दोनच गोष्टी सांगायच्या. त्यांचा अनुभव वाया जाऊ देऊ नये, त्याला जागा नेमून द्यावी.

प्रश्न : एका मुलीच्या अंगावरचे वळ पाहून शिक्षिकेने बैठकीत ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून सांगितलं. हे योग्य आहे का?

उत्तर : नाही. हेतू चांगला असला तरी मुलीची खासगी गोष्ट सगळ्या शिक्षकांच्या घरांत पोहोचली, आणि ज्याच्यामुळे तिला धोका आहे तोही सावध होऊ शकतो. असं काही दिसलं तर बैठकीची वाट पाहू नये. त्याच दिवशी बालसुरक्षेची जबाबदारी असलेल्या व्यक्तीला सांगावं, आणि कायद्याप्रमाणे जिथे कळवायचं तिथे कळवावं. संशय मंडळीतल्याच कुणावर असेल, तर त्याच्या कानावर न घालता थेट बाहेर कळवावं. मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहून ठेवावं. खोदून खोदून विचारू नये. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन तर मुळीच देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही.

बैठकीत चर्चा करायची ती नियमांची. दर वेळी वर्गांच्या आढाव्यातली पाच मिनिटं काढून एकच प्रसंग घ्या : सहशिक्षक आला नाही, मुलं दारात उभी आहेत, आता काय? उत्तर सर्वांचं एकच हवं : दोन वर्ग एकत्र करायचे, एकट्या मोठ्या माणसाने मुलांना घेऊन बसायचं नाही. पुढच्या बैठकीत शौचालयाला नेण्याचा प्रसंग घ्या, त्यानंतर अनोळखी नातेवाईक मुलाला न्यायला आल्याचा.

प्रश्न : ठरलेली कामं होत नाहीत.

उत्तर : इतिवृत्तात तीनच रकाने ठेवा : काम, एकाच माणसाचं नाव, तारीख. ‘सगळे मिळून सजावट करू’ असं लिहिलं की ते कुणाचंच काम राहत नाही. मदतीला कितीही असोत, नाव एकाचंच. कागद त्याच संध्याकाळी सर्वांना पाठवा आणि तारखेच्या तीन दिवस आधी त्या व्यक्तीला फोन करून अडचण विचारा. काम दुसऱ्याकडे द्यायचं झालं तर तेवढा वेळ हाताशी राहतो.