लॅपटॉप फार हळू झालाय. व्हायरस असेल का, की सरळ फॉरमॅट मारावा?

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप पाच वर्षं जुना आहे, विंडोज १० आहे, सुरू व्हायला दहा-दहा मिनिटं लागतात. उजव्या कोपऱ्यात सारखं 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले' असं येतं. मुलाने मध्यंतरी क्रॅक केलेला गेम टाकला होता, आणि दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारून घ्या. माझ्या मते इथे तीन वेगळी दुखणी एकत्र आली आहेत. त्यातलं जे सर्वांत कमी जाणवतंय, तेच सर्वांत घातक आहे.

कशालाही हात लावण्याआधी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. डिस्क शेवटच्या घटका मोजत असेल तरीही लॅपटॉप असाच रखडतो. अशा डिस्कवर फुल स्कॅन लावला की प्रत्येक फाईल वाचली जाते आणि त्या ताणात ती कायमची बसू शकते. फक्त फोटो, व्हिडिओ, वर्ड-एक्सेल आणि पीडीएफ घ्या. सेटअप फाईल्स आणि तो गेम अजिबात घेऊ नका. काम झालं की डिस्क लगेच काढून ठेवा. बाहेरच्या डिस्कवरचे सगळे फोल्डर अचानक शॉर्टकट झालेले दिसले, तर झेरॉक्सच्या दुकानातून पेन ड्राइव्हवर येतो तो शॉर्टकट व्हायरस आहे असं समजा. अशा वेळी त्या शॉर्टकटवर क्लिक करू नका. फाईल्स बहुतेक वेळा तिथेच, पण लपवलेल्या असतात.

आता वेगाकडे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर जाऊन डिस्क बघा. तिथे एचडीडी, म्हणजे फिरती हार्ड डिस्क, लिहिलेलं असेल, वापर १०० टक्क्यांवर अडकलेला असेल आणि वाचण्या-लिहिण्याचा वेग मात्र सेकंदाला एक-दोन एमबीच दिसत असेल, तर दहा मिनिटांचं कारण तिथेच आहे. त्या काळात आपल्याकडे विकले गेलेले कितीतरी स्वस्त लॅपटॉप १ टीबीची फिरती हार्ड डिस्क आणि ४ जीबी रॅम घेऊन आले, आणि विंडोज १० त्या जोडीवर नीट चालतच नाही. अँटिव्हायरस बदलून यात काडीचा फरक पडणार नाही. एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवली तर पडतो, आणि तोही असा की तुम्हाला लॅपटॉप नवा घेतल्यासारखा वाटेल. जमलं तर रॅम ८ जीबी करा. डिस्कची तब्येत बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत टूल चांगलं आहे. त्यात 'कॉशन' किंवा 'बॅड' आलं तर डिस्क बदलण्यात एक दिवसही घालवू नका.

टास्क मॅनेजरमधल्या 'प्रोसेसेस'च्या यादीत 'अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' वर दिसलं तर घाबरू नका. तो विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर आहे. विंडोजच्या सेवा चालवणाऱ्या 'एसव्हीसीहोस्ट' (svchost) नावाच्या ढीगभर नोंदीही नेहमीच्याच. शंका आली तर नावावर राइट क्लिक करून 'ओपन फाईल लोकेशन' बघा. खरी एसव्हीसीहोस्ट सिस्टिम३२ मध्ये असते. तेच नाव ॲपडेटा किंवा टेंप फोल्डरमध्ये सापडलं तर ते सोंग आहे. काहीच काम चालू नसताना पंखा जोरात फिरतो आणि टास्क मॅनेजर उघडताच शांत होतो, असं होत असेल तर क्रिप्टो मायनरची, म्हणजे तुमच्या लॅपटॉपवर गुपचूप दुसऱ्यासाठी क्रिप्टो चलन कमावणाऱ्या प्रोग्रॅमची शंका घ्या. यातले काही मायनर टास्क मॅनेजर उघडा दिसला की मुद्दाम काम थांबवतात.

कोपऱ्यातली 'व्हायरस सापडले' ही सूचना बहुधा व्हायरसची नाहीच. कुठल्यातरी साइटवर 'अलाऊ' दाबलं गेलं आणि तिला नोटिफिकेशन पाठवायची परवानगी मिळाली, एवढंच. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथे जा आणि अनोळखी साइट काढून टाका. तसंच एक्स्टेन्शन्स उघडून जे ओळखीचं नाही ते काढा. त्या सूचनेत फोन नंबर दिला असेल तर कृपया त्यावर फोन करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात कधीही फोन नंबर नसतो. पलीकडचा माणूस एनीडेस्क (दुरून कॉम्प्युटर चालवायचं ॲप) टाकायला लावतो आणि तुमच्या डोळ्यांसमोर खातं रिकामं करतो. आधीच कुणी असा फोन केला असेल आणि पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त.

मला खरी काळजी त्या क्रॅक गेमची वाटते. हल्ली क्रॅकसोबत येतो तो बहुतेकदा माहिती चोरणारा प्रोग्रॅम, म्हणजे इन्फोस्टीलर. त्याने लॅपटॉप हळू होत नाही. तो ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड आणि कुकीज (तुमचं लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी) उचलून पाठवून देतो, आणि काही वेळा काम झाल्यावर स्वतःला पुसूनही टाकतो. म्हणून 'स्कॅन केला, काही सापडलं नाही' यावर इथे विसंबता येत नाही. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने लुमा नावाच्या अशाच इन्फोस्टीलरवर कारवाई केली. त्या आधीच्या जेमतेम दोन महिन्यांत जगभरात ३,९४,००० हून अधिक विंडोज कॉम्प्युटर त्याच्या तावडीत सापडल्याचं तेव्हा जाहीर झालं. कुकी चोरीला गेली तर पासवर्ड आणि ओटीपी न विचारताच तुमचं ईमेल उघडू शकतं, कारण साइटला वाटतं तुम्ही आधीच लॉगिन केलेलं आहे.

त्यामुळे आजच्या आज, या लॅपटॉपवरून नव्हे तर फोनवरून, आधी ईमेलचा पासवर्ड बदला आणि 'सगळ्या डिव्हाइसमधून साइन आउट' करा. मग बँक, मग बाकीचं. ईमेल आधी, कारण बाकी बहुतेक खात्यांचे पासवर्ड रीसेट करायच्या लिंक तिथेच येतात. मुलालाही न रागावता विचारा: 'मी रोबॉट नाही' सिद्ध करायला कीबोर्डवरचं विंडोजचं बटण आणि आर दाबून काही पेस्ट करायला सांगणारं पान आलं होतं का? इन्फोस्टीलर हल्ली त्या वाटेनेही शिरतो, आणि रागावलात तर मूल खरं सांगणार नाही.

स्कॅन करायचा तो असा. विंडोज सिक्युरिटीत व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन उघडा आणि तिथल्या सेटिंग्जमध्ये आधी 'एक्सक्लूजन्स' बघा. क्रॅकच्या सूचनांमध्ये अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि कित्येक क्रॅक गुपचूप स्वतःचं फोल्डर या यादीत घालतात. त्या फोल्डरकडे डिफेंडर बघतसुद्धा नाही. यादी रिकामी करा आणि मग स्कॅन ऑप्शन्समधून ऑफलाइन स्कॅन निवडा. लॅपटॉप बंद होऊन विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, साधारण पंधरा मिनिटं, तुमच्या डिस्कवर कदाचित जास्त. डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या कुलपाने, बंद असेल आणि निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली गेली, तर ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर मिळते. ती आधीच लिहून ठेवलेली बरी. दुसरं मत हवं असेल तर सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर मोफत टूल्स आहेत. पण दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालू ठेवू नका, आणि मुदत संपलेला कुठला पडून असेल तर काढून टाका.

एवढं सगळं असूनही दुकानदाराचा सल्ला मी मोडीत काढणार नाही, कारण क्रॅक चालवलेल्या लॅपटॉपवर बँकेचं काम करायचं तर कोरी विंडोजच हवी. मात्र त्याच जुन्या डिस्कवर फॉरमॅट मारून घेऊ नका. व्हायरस जाईल, दहा मिनिटं तशीच राहतील. एसएसडी घाला आणि तिच्यावर नवी विंडोज टाका, दोन्ही कामं एका फेरीत होतात. टाकायची तर ११ टाका. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, आणि पाच वर्षांपूर्वीचे बरेच प्रोसेसर ११ ला चालतात.

दुकानात देताना एक गोष्ट स्पष्ट सांगा: ॲक्टिव्हेटर, म्हणजे परवाना नसताना विंडोज चालू करणारा क्रॅक, वापरायचा नाही. विंडोजसकट विकत घेतलेल्या लॅपटॉपचा परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो. तीच एडिशन, म्हणजे होम असेल तर होमच, टाकली की इंटरनेट लागताच ती आपोआप ॲक्टिव्हेट होते. कित्येक दुकानांत सरसकट प्रो टाकून क्रॅकने ॲक्टिव्हेट करतात, म्हणजे जे काढायला लॅपटॉप दिला तेच परत आत शिरायची वाट उघडते. लॅपटॉप हातात आल्यावर दुकानातच सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशन उघडा, 'डिजिटल लायसन्स' लिहिलेलं आहे का ते वाचा, एक्सक्लूजन्सची यादी पुन्हा एकदा बघा, आणि मगच पैसे द्या.