विचारा बिनधास्त: दगडी बाण आणि मामाच्या शेतातलं डुक्कर

प्रश्न: दादा नमस्कार, मी इंदूरला रामबागेत राहतो, कॉलेजच्या सेकंड इयरला आहे. अमेरिकेतले लोक दगडाच्या टोकाच्या बाणांनी हरणं मारतात ते व्हिडिओ बघून मलाही तिरकमठ्याचा नाद लागलाय. बांबूचं धनुष्य जमलं, बाणही जमले, पण टोक काही जमत नाही. महूकडून काळा दगड आणला तर ठोकल्यावर नुसता चुरा होतो. कोणता दगड घेऊ? बाण डावीकडे जातो (मी उजव्या हाताने ओढतो) ते का? आणि मामाच्या शेतात रानडुकरं येतात, एखादं टिपलं तर चालेल ना?

उत्तर: शेवटचं आधी घेतो, कारण ते एका शब्दात संपतं. नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारीला बंदी आहे आणि शिकार म्हणजे मारणंच नाही, जखमी करणं आणि नुसता प्रयत्न करणंही त्यात येतं, म्हणजे नेम चुकला तरी तू अडकणार आणि सोबत मामाही. डुकरं पीक खात असतील तर मामांनी वनखात्याकडे अर्ज करावा, परवानगी लेखीच मिळते आणि ती भाच्याच्या हौसेसाठी नसते. शिवाय मोठ्या नराच्या खांद्यावर जाड, चिवट कातडीचं चिलखतच असतं, त्यावर तुझं दगडी टोक फुटलं तर जखमी डुक्कर तुझ्याकडेच येईल, हे व्हिडिओत दाखवत नाहीत.

आता दगड. महूचा काळा दगड म्हणजे आपला माळव्याचा बेसाल्ट, त्याचे कण या कामाला मोठे, तो हवा तसा फुटत नाही. पाहिजे ती गारगोटी, अकीक, जास्पर असलं काहीतरी, जे काचेसारखं फुटतं, कपची निघाल्यावर शिंपल्यासारखा गोल खोलगट ठसा उरतो. महेश्वर, बडवाहकडे नर्मदेच्या गोट्यांत हे मिळतं, पण तिथे आधीच घडवलेलं बारीक पातं दिसलं तर उचलू नकोस, नर्मदाकाठी अश्मयुगाची हत्यारं खरोखर सापडतात. भोपाळजवळच्या भीमबेटकाच्या गुहांतली चित्रं १९५७ साली उजेडात आणली ती आपल्या उज्जैनच्या पुरातत्त्वज्ञ वाकणकरांनी, त्यात धनुष्यबाण घेतलेली माणसं आहेत, एकदा बघून ये.

पण सुरुवात अकीकवर करू नकोस, बाटलीच्या जाड बुडावर कर. कॅलिफोर्नियात १९११ साली ईशी नावाचा, ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीचा शेवटचा माणूस जंगलातून बाहेर आला, तोही बाटलीच्या काचेची टोकं घडवायचा. लाकडी मुठीत तांब्याची जाड तार बसव, डाव्या तळहातावर जुन्या चपलेचं चामडं ठेव आणि त्यावर काच धर. आता कड खरबरीत दगडावर घासून बोथट कर, हो, बोथटच, धारदार कडेवर तार टेकवली की कड चुरते आणि कपची निघतच नाही. मग तार कडेवर टेकवून आधी आत दाब आणि मग खाली. टिच्च आवाज आला आणि पातळ कपची चामड्यावर पडली की जमलं समज. मी पहिल्याच दिवशी चामड्याशिवाय बसलो होतो, अंगठ्याला दोन टाके पडले आणि आई आठवडाभर अंगणातून काचा वेचत बोलत होती, ते बोलणं टाक्यांपेक्षा जास्त लागलं.

मास्क लाव आणि मोकळ्यावर बस, हे मात्र थट्टेवारी नेऊ नकोस. गुजरातेत खंभातला अकीक घासणाऱ्या कारागिरांना सिलिकोसिस होतो, दगडाची बारीक धूळ फुफ्फुसात गेली की परत निघत नाही.

टोक खाचेत बसवायला लाख नाहीतर राळ, वरून तात (जनावराच्या आतड्याची दोरी) किंवा मेणाचा दोरा घट्ट गुंडाळायचा. पिसं कोंबडीची घे, रानपक्ष्यांच्या मागे लागू नकोस. आणि सरावाला दगडी टोक लावूच नकोस, पहिल्याच दगडावर आपटलं की अख्खी संध्याकाळ वाया. तेवढ्याच वजनाचं लोखंडी बोथट टोक लाव आणि कडब्याच्या भाऱ्यावर मार. झाबुआ-अलीराजपूरकडचे भिल्ल पिढ्यान्‌पिढ्या बांबूच्या धनुष्याला बांबूच्याच पट्टीची दोरी लावतात, बाणाला टोक लोखंडाचं. लोखंड मिळायला लागल्यावर दगड कोण घडवत बसेल!

डावीकडे जाण्याचं कारण बहुतेक बाणाची काडी फार ताठ आहे. बाण सुटताना धनुष्याच्या दांड्याला वळसा घालून निघतो, त्यासाठी त्याला वाकावं लागतं, ताठ काडी वाकत नाही आणि बाहेर फेकली जाते. आधी टोक थोडं जड करून बघ, पुढचं वजन वाढलं की काडी जास्त वाकते. तरी नाही जमलं तर पॉलिश पेपरने काडी सगळीकडून सारखी घास, चार बाण मार, परत घास. एकदम जास्त घासलीस तर उजवीकडे जायला लागेल आणि मग नवीन बांबू आणावा लागेल.