सुरू केलेले पुस्तक पूर्ण करायलाच हवे का?

‘पुस्तक अर्धवट सोडले की अपराधी वाटते,’ हे वाक्य मी माझ्या समुपदेशनकक्षात इतक्या वेळा आणि इतक्या निरनिराळ्या वयाच्या माणसांकडून ऐकले आहे, की आता त्यावर सविस्तर लिहायला हवे असे वाटू लागले. ही तक्रार घेऊन सहसा कोणी येत नाही. माणसे येतात ती झोप लागत नाही म्हणून, चिडचिड वाढली म्हणून, कामे रेंगाळतात म्हणून. आणि बोलण्याच्या ओघात उशाशी पडून राहिलेल्या एखाद्या पुस्तकाचा उल्लेख निघतो. तो उल्लेख ओझरता असला तरी मी हातचा जाऊ देत नाही, कारण स्वतःला हुकूम सोडण्याची माणसाची सवय अशा वरवर किरकोळ दिसणाऱ्या जागीच सर्वांत स्पष्ट दिसते.

वैदेही (नाव व काही तपशील बदलले आहेत) इतिहासाच्या शिक्षिका. वाचन हा त्यांचा जन्माचा विरंगुळा. पण माझ्याकडे आल्या तेव्हा कित्येक महिने त्यांनी काहीही वाचले नव्हते. त्याला कारण एक कादंबरी. सतराव्या शतकातील इंग्लंड, दलदलीच्या कडेचा पडका वाडा, कुलूपबंद दालने आणि गावाने चेटकीण ठरवलेली, जडीबुटीची जाण असलेली एक बाई, अशी ती गॉथिक वळणाची ऐतिहासिक कादंबरी मोठ्या बहिणीने आवर्जून भेट दिली होती. हा कालखंड वैदेहींच्या खास आवडीचा. मोठ्या अपेक्षेने त्यांनी ती उघडली आणि अर्ध्यावर येता येता त्यांचा पुरता विरस झाला. दर प्रकरणात धुके दाटत होते, मेणबत्ती विझत होती, कावळे ओरडत होते. पण ती बाई कोण, गाव तिच्यावर का उलटले, याविषयी लेखक काही सांगायला तयार नव्हता. त्यात एका प्रसंगात तिला जिवंत जाळण्यासाठी चौकात लाकडे रचली जातात. इंग्लंडमध्ये चेटकाच्या गुन्ह्याला फाशीची शिक्षा होती, जाळणे हा प्रकार युरोप खंडात आणि स्कॉटलंडमध्ये चाले, हे वैदेहींना पक्के ठाऊक होते. त्या पानावर घातलेली खूण पुढे सरकली नाही.

‘मग पुढे वाचत का नाही?’ मी विचारले.

‘कंटाळा येतो.’

‘मग सोडून का देत नाही?’

‘असं कसं सोडणार? हाती घेतलेलं पूर्ण करायला नको? आणि हे पूर्ण झाल्याशिवाय दुसरं पुस्तक उघडायचं नाही, असं मी स्वतःलाच बजावलंय.’

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडायला सुरुवात केलेल्या विवेकनिष्ठ विचारसरणीवर माझी निष्ठा आहे आणि इतक्या वर्षांच्या कामानंतर ती अधिकच दृढ झाली आहे. एलिस यांचे म्हणणे असे, की माणूस आपल्या साध्या इच्छेला अटळ आज्ञेचे रूप देतो आणि मग ती आज्ञा मोडल्याबद्दल स्वतःलाच दोषी धरतो. ‘पूर्ण केले तर बरे’ ही इच्छा निरोगी आहे. ‘पूर्ण न करणारी मी बेजबाबदार’ हा मात्र निवाडा आहे, आणि तो देण्याचा अधिकार त्या पुस्तकाला कोणीही दिलेला नाही.

वैदेहींची पहिली हरकत नेहमीचीच होती: इतकी पाने वाचली, तो वेळ वाया जाईल. आर्क्स आणि ब्लूमर या संशोधकांनी १९८५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. नाट्यगृहाच्या हंगामी तिकिटांवर काही ग्राहकांना योगायोगाने सवलत मिळाली, इतरांनी पूर्ण किंमत मोजली. नाटके तीच, तरीही हंगामाच्या पूर्वार्धात पूर्ण किंमत मोजलेली मंडळी अधिक प्रयोगांना गेली. गेलेला पैसा परत मिळणार नव्हताच. तो वसूल करण्याच्या भावनेने त्यांच्या पुढच्या संध्याकाळी मात्र ठरवून टाकल्या. वैदेहींना हे लगेच पटले. पुढच्या भेटीत त्या म्हणाल्या, ‘पटतं, पण सुटत नाही.’

इथे पुष्कळ समुपदेशक तोच मुद्दा पुन्हा समजावून सांगू लागतात. पटूनही एखादी गोष्ट सुटत नसेल, तर ती दुसऱ्याच कशाला तरी बांधलेली असते, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी त्यांना म्हणाले, ‘पुस्तक राहू द्या. त्या बाईचं पुढे काय होतं, ते तुम्हीच मला सांगा.’

आणि वैदेही बोलू लागल्या. त्यांच्या बोलण्यात वाडा नव्हता, धुके नव्हते. १६१२ साली इंग्लंडमधील लँकेस्टरला पेंडल परिसरातील माणसांवर चेटकाच्या आरोपाखाली चाललेल्या खटल्याबद्दल त्या बोलल्या. त्यात जेनेट डिव्हाइस या सुमारे नऊ वर्षांच्या मुलीने आपल्या आईविरुद्ध साक्ष दिली होती आणि ती सर्वांना दिसावी म्हणून तिला टेबलावर उभे केले होते. आईने आकांत केला म्हणून आईलाच न्यायालयाबाहेर नेले. काल ज्या हातून औषध घेतले त्याच हाताकडे आज बोट दाखवणारे शेजारी कसे असतील, हे सांगताना वैदेहींचा आवाज दाटून आला. त्या थांबल्या, आणि मग म्हणाल्या, ‘मी पुस्तक मिटलं, तर त्या बाईला मीही टाकून दिल्यासारखं होईल. सगळ्या गावाने टाकलंच आहे.’

या वाक्याची मी वाट पाहत होते. ते आपण सुचवून चालत नाही. समोरच्याला ते स्वतःच्या तोंडून ऐकू यावे लागते, आणि तेवढा धीर धरणे हे माझ्या कामातले मला सर्वांत मोलाचे वाटणारे कौशल्य आहे.

‘तिला टाकलं कोणी?’ मी विचारले. ‘तुम्ही, की लेखकाने?’

बऱ्याच वेळाने उत्तर आले. ‘लेखकाला ती दिसलीच नाही. त्याला फक्त वाडा दिसला.’

वैदेहींची निष्ठा विषयावर होती आणि ती त्यांनी पुस्तकाच्या नावावर जमा केली होती. निराश करणारे पुस्तक रेटत राहणाऱ्या बऱ्याच जणांच्या बाबतीत मला हेच आढळते: कोणाची भेट देणाऱ्यावरची माया, कोणाची लेखकाच्या जुन्या पुस्तकांबद्दलची कृतज्ञता, कोणाचे एखाद्या काळावरचे प्रेम. ती निष्ठा खरी असते, म्हणून तिला हसू नये. तिचा खरा मालक कोण हे एकदा लक्षात आले, की पुस्तक मिटणे सोपे जाते. वैदेहींनी कादंबरी मिटली आणि त्याच आठवड्यात त्या खटल्याचा न्यायालयाच्या कारकुनाने लिहिलेला, १६१३ साली छापलेला वृत्तांत वाचायला घेतला.

तुमच्याही उशाशी असे पुस्तक असेल, तर ते सोडण्यापूर्वी एवढे पाहा, की ते कंटाळवाणे आहे की अवघड. अवघड पुस्तक मिटल्यावरही मनात काहीतरी चालू राहते, एखादा प्रश्न दिवसभर पाठ सोडत नाही. अशा पुस्तकाला आणखी अवधी द्यावा. कंटाळवाणे पुस्तक मिटल्यावर उरते ती फक्त राहिलेल्या पानांची मोजदाद. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२ साली वाचकाचे दहा हक्क सांगितले, त्यांत तिसराच हक्क पुस्तक पूर्ण न करण्याचा आहे. मात्र पूर्वी आवडणारे कोणतेच पुस्तक, कोणतेच गाणे, कोणाचीच सोबत आताशा नकोशी वाटत असेल, तर दोष पुस्तकात शोधू नका. अशा वेळी तज्ज्ञाला भेटावे, आणि त्यात दिरंगाई करू नये.

राहिला प्रश्न भेट देणाऱ्याचा. बहीण प्रत्येक फोनवर ‘कुठवर आलीस?’ असे विचारी आणि वैदेही विषय बदलत. मी त्यांना एवढेच सुचवले, की कारणे देत बसू नका, खोटी स्तुतीही करू नका. आपल्याला काय हवे होते ते सांगा. ‘ताई, मला त्या बाईची गोष्ट हवी होती आणि यात ती सापडली नाही, म्हणून मी अर्ध्यावर सोडली,’ असे त्यांनी सांगितले. ताईंना कादंबरी आवडली होती ती नेमकी वाड्यासाठी आणि अंधारासाठी, आणि त्यात काही गैर नाही. १७६४ साली इंग्रज लेखक होरेस वॉलपोलने गॉथिक कादंबरीचा हा प्रकार रूढ केला तेव्हापासून तो दडपणाऱ्या वास्तूंवर आणि भयावरच उभा आहे. दोघी बहिणी त्या फोनवर बराच वेळ वाद घालत होत्या, असे वैदेहींनी मला सांगितले. ताईंनी वैदेहींची प्रत परत मागून घेतली आणि आपल्या एका मैत्रिणीला दिली.