‘बघून घेऊ’ कुठे लिहिलंय?

अरे,

रात्री दीडला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी ओट्याशी वाचला. चहा उतू गेला. आठवड्याचे पाचही दिवस हिंजवडीच्या ऑफिसात या, असा मेल आलाय, तू औशाला आईबाबांपाशी, आणि मॅनेजर म्हणतात, “तुझं आपण बघून घेऊ.”

हे ‘बघून घेऊ’ कुठे लिहिलंय?

घर बरं की ऑफिस, यावर माझ्याशी वाद घालू नकोस. भूमकर चौकातली कोंडी तूही पाहिलीयस. मला एवढंच सांग, लेखी काय आहे?

२०२१ मध्ये माझा मॅनेजर फोनवर म्हणाला होता, “ताई, बिनधास्त साताऱ्याला राहा, ऑफिसं आता कोण उघडतंय?” मी वाकडचा फ्लॅट विकला, साताऱ्यात घर घेतलं. २०२३ मध्ये ‘ऑफिसात या’ असा मेल आला तेव्हा तो मॅनेजर कधीच दुसऱ्या कंपनीत गेला होता. एचआरच्या मुलीने गोड आवाजात विचारलं, “मॅम, याचा काही ईमेल आहे का?” नव्हता. सत्तेचाळीसाव्या वर्षी मी वाकडला पीजीत राहिले, मुली मला काकू म्हणायच्या. खिडकीतून माझीच जुनी गॅलरी दिसायची. तिथे कुणाचे तरी टॉवेल वाळत असायचे.

तुझा मॅनेजर चांगला माणूस आहे म्हणतोस. असेल की. माझाही होता.

कंपन्या अशा तोंडी शब्दावर चालतात का? एसईझेडमधल्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रातल्या, कंपन्यांना घरून काम द्यायला केंद्र सरकारचा नियम लागला. जुलै २०२२ मध्ये ४३ए हा नियम आला, तोही निम्म्या लोकांपुरता आणि एका वर्षासाठी. डिसेंबरमध्ये सगळ्यांना मुभा मिळाली, पण तेव्हाची मुदत ३१ डिसेंबर २०२३. त्यांच्याकडे कलम होतं, तारीख होती. आपल्याकडे फोन कॉल.

आणि ‘हक्क’ हा शब्द जपून वापर. घरून काम करण्याचा सरसकट हक्क आपल्या कायद्यात नाही. बाळंतपणाच्या रजेनंतर घरून काम करण्याची तरतूद तेवढी मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने आली, तीही काम तसं असेल तर, आणि अटी दोघांनी मिळून ठरवायच्या. तुझं नेमणूकपत्र काढ. ‘कंपनीच्या कोणत्याही कार्यालयात बदली होऊ शकते’ ही ओळ बहुतेक असेलच. तिच्याखाली तुझी सही आहे.

पीजीच्या त्या दिवसांपासून प्रत्येक फोननंतर मी मेल टाकते, “आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे…” एकाने मला वकीलबाई म्हटलं. टीम लीडची जागा त्यामुळेच हुकली असं टीममध्ये बोलतात. हुकली असेल. पण आज आठवड्यातले दोन दिवस मी साताऱ्यात असते, ते मेलवर आहेत, कधीपर्यंत ते तारखेसकट. मी काही हट्टी नाही. बरं, आहे. पण टॉवेल मी पाहिलेत, त्यांनी नाही.

तेव्हा राजीनाम्याचं नाटक आत्ता नको, नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड आहे तुझा. आधी मॅनेजरांना मेल कर: किती दिवस औसा, कधीपर्यंत, मंजुरी कोणाची. एचआरला सीसीत ठेव. उत्तर आलं नाही तर तेही उत्तरच समज आणि खोली शोधायला लाग. आईच्या गुडघ्यांचं मेलमध्ये एका ओळीत लिही, रडगाणं नको.

मसुदा आधी मला दाखव. ‘आदरणीय’ने सुरुवात केलीस तर परत पाठवीन.

तुझी,
ताई